जुन्या जोरकस मोटारीचा पंखा

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे २०२३ सालापर्यंत ज्या शहरास सरकार-दरबारीं औरंगाबाद म्हणत त्या शहराहून, दक्षिणेस पैठणच्या रस्त्यानें निघालें कीं सुमारें वीस किलोमीटरांवर बिडकीन हें गांव लागतें. अलीकडे या गांवाचें नांव वर्तमानपत्रांतून वारंवार येऊं लागलें आहे. कारण २०२४ सालीं येथील ७,८५५ एकरांच्या औद्योगिक वसाहतीचें लोकार्पण झालें, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे कारखाने तेथें उभारण्याचे करारही झाले. परंतु ज्याच्या घरीं पन्नास-साठ वर्षांची जुनी, मोठ्या ताकदीची मोटार जतन करून ठेवलेली आहे, अशा शौकिनास बिडकीन निराळ्याच कारणासाठीं लक्षांत राहतें. शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर ताशीं सत्तर किलोमीटरांनीं गाडी सुखानें धांवत असते; उष्णतामापकाचा कांटा जागचा हलत नाहीं. पुढें गांव येतें. समोर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, बाजूस उभ्या राहिलेल्या रिक्षा, मध्येंच आडवी आलेली बैलगाडी. फाल्गुन वद्य षष्ठीचा सुमार असेल तर नाथांच्या यात्रेस पैठणाकडे पायीं निघालेल्या दिंड्याही असतात. गाडी पावलापावलानें सरकूं लागते, आणि मग तो कांटा हळूहळू तांबड्या खुणेकडे चढतो.

ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. जेव्हां इंजिन जोरानें राबत होतें तेव्हां तें थंड होतें, आणि आतां जवळजवळ विश्रांति घेत असतां तें तापलें! या कोड्याचें उत्तर ज्यास समजलें, त्यास आपल्या गाडीसाठीं पंखा कोणता निवडावा हें अर्ध्याहून अधिक समजलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

कोणत्याही पेट्रोल-इंजिनांत पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यापैकीं सुमारें चौथा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची उष्णता कांहीं धुरावाटे निघून जाते, आणि जवळजवळ एक तृतीयांश भाग इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यास मिळतो. तें पाणी पुढील रेडिएटरमध्यें जातें, तेथें बारीक नळ्यांतून उतरतें, आणि नळ्यांच्या मधून वाहणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते. तेव्हां शेवटीं इंजिन थंड ठेवणारी वस्तु हवा ही होय; पाणी हा केवळ हमाल आहे. गाडी वेगांत असली कीं ही हवा फुकट मिळते. गाडी थांबली कीं ती बंद होते. उष्णता कमी निर्माण होते हें खरें. परंतु हवेचा पुरवठा त्याहून किती तरी पटींनीं कमी होतो. ही उणीव भरून काढणें एवढेंच पंख्याचें काम आहे. ताशीं पन्नास-साठ किलोमीटरांच्या पुढें बहुतेक गाड्यांस पंख्याची गरज राहत नाहीं. उलट कित्येक वेळां त्याचीं पातीं येणाऱ्या वाऱ्यास अडथळाच करतात.

पुष्कळ शौकिनांची गफलत होते ती येथेंच. गाडी जितकी जोरकस तितका पंखा मोठा, असा त्यांचा हिशोब असतो. अडीचशें अश्वशक्तीचें इंजिन आहे, तेव्हां पंखाही तसाच राक्षसी हवा! परंतु तीं अडीचशें अश्वशक्ति बिडकीनच्या गर्दींत कोणी वापरीत नाहीं. तीं वापरावयाचीं तीं मोकळ्या रस्त्यावर, आणि तेथें थंड करण्याचें काम रेडिएटरचें, पंख्याचें नव्हे. यास्तव पंखा निवडावयाचा तो गाडीच्या सर्वाधिक वेगाकडे पाहून नव्हे, तर तिच्या सर्वांत सावकाश प्रवासाकडे पाहून. आणि जी गाडी मोकळ्या रस्त्यावर तापते, तिला नवा पंखा बसविणें म्हणजे रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला, असा प्रकार होय.

पंखा आणि रेडिएटर यांचें हें नातें मोटारीच्या बाल्यावस्थेपासूनचें आहे. १९०१ सालीं डाइम्लर कारखान्याच्या विल्हेल्म मायबाख या कल्पक यंत्रज्ञानें मर्सिडीस नांवाच्या पस्तीस अश्वशक्तीच्या गाडीस मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक रेडिएटर बसविला. त्यांत सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. त्यामुळें पूर्वीं जेथें अठरा लिटर पाणी लागे तेथें नऊ लिटरांत भागूं लागलें, आणि गाडी सावकाश चालली असतांना हवा ओढण्यासाठीं रेडिएटरच्या मागें पंखा आला. याच मायबाखनें व त्याच्या मुलानें, कार्लनें, पुढें ज्या कारखान्याचा पाया घातला त्याची एक मोटार कोल्हापूरच्या राजघराण्याकडे आहे. तेव्हां हें नांव महाराष्ट्रास अगदींच परकें नाहीं.

आपल्याकडील राजेरजवाड्यांनीं जोरकस मोटारींची हौस पुष्कळ केली. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांच्याकरितां १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कारखान्याच्या एस्‌जे जातीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनीं मोटार बांधली होती. सुमारें सात लिटरांचें, आठ सिलिंडरांचें तें इंजिन, त्यांत हवा दाबून भरणारें यंत्र, आणि कारखान्याच्या सांगण्याप्रमाणें ३२० अश्वशक्ति. अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सामान्य शौकिनाच्या पदरीं असते ती एखादी जॅग्वार, किंवा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत जन्मलेली फियाट, जिच्या १,०८९ घनसेंटिमीटरांच्या इंजिनास दोन कार्ब्युरेटर चढवून कोणी तरी तरुणपणीं शर्यतीचें सोंग दिलेलें असतें. गाडी लहान असो कीं मोठी, धोका सारखाच. यांपैकीं पुष्कळ इंजिनांत खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचें हेड ॲल्युमिनियमचें असतें. ॲल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. एकदां पाणी उकळून निघून गेलें कीं हेड वांकडें होतें, मधील गॅसकेट फुटतें, आणि तेलांत पाणी व पाण्यांत तेल असा संकर होतो. नव्या गाडीचें हेड दुकानांत मिळतें. साठ वर्षांपूर्वींच्या गाडीचें हेड मिळविण्यास परदेशीं पत्रें लिहावीं लागतात, आणि तें येईपर्यंत गाडी दोन-दोन वर्षें चादरीखालीं झोपून राहते.

यांत हवामानाचा एक हिशोब आहे. तो शाळेंतल्या गणिताइतका सोपा असून फार थोडे लोक करतात. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील, हें आंतील पाणी व बाहेरील हवा यांच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें. जॅग्वार गाडी कॉव्हेंट्रीस बांधली गेली. तेथील उन्हाळ्यांतील हवा वीस अंशांची धरली, आणि पाणी नव्वद अंशांचें धरलें, तर अंतर सत्तर अंशांचें. तीच गाडी वैशाखांत पैठणच्या रस्त्यावर आणली आणि हवा बेचाळीस अंशांची असली, तर अंतर उरतें अठ्ठेचाळीस. म्हणजे त्याच रेडिएटरची व त्याच पंख्याची शक्ति शंभरांवरून अदमासें एकूणसत्तरांवर आली. कारखान्यानें कांहीं राखीव शक्ति ठेवलेली असते. ती येथें पहिल्याच दिवशीं खर्ची पडते. शिवाय छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारें ५६८ मीटर उंच आहे. तेथें उघड्या भांड्यांतील पाणी शंभरावर नव्हे, तर अठ्ठ्याण्णवाच्या सुमारास उकळतें. ज्या गाडीच्या रेडिएटरला सात पौंड दाबाचें झांकण आहे तिचें पाणी एकशेंदहा अंशांच्या आसपास उकळेल. परंतु ज्या फार जुन्या गाड्यांचीं झांकणें केवळ झांकणेंच असतात, त्यांना ही सवलत नाहीं.

मूळ पंखा अपुरा पडूं शकतो, हें यावरून मान्य केलें पाहिजे. तथापि तो बदलण्यापूर्वीं रेडिएटर निरपराध आहे काय हें पाहणें अवश्य आहे. मराठवाड्यांत विहिरी व बोअर यांचें पाणी बहुधा जड असतें. चहाच्या भांड्यांत जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि तो थर उष्णतेच्या मार्गांत भिंतीसारखा उभा राहतो. ज्या गाडींत वर्षानुवर्षें नळाचें किंवा बोअरचें पाणी ओतलें गेलें आहे, तिचा रेडिएटर प्रथम रेडिएटरवाल्याकडून उघडवून नळ्या साफ करवाव्या, आणि पुढें शुद्ध पाणी व योग्य प्रमाणांत कूलंट यांशिवाय दुसरें कांहीं घालूं नये. पुढील बाजूस फटींत अडकलेले किडे व उसाचें पाचट काढणें यास तर पैसाही पडत नाहीं. ठिणगीची वेळ मागें पडली असली, पंपाचा पट्टा सैल असला, तरीही इंजिन तापतें. एवढें सर्व करून जी गाडी बिडकीनच्या पेठेंत तापतेच, तिच्याविषयीं पुढील विचार.

पंखे मुख्यत्वेंकरून दोन जातींचे: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा आणि स्वतःच्या विजेच्या मोटारीवर फिरणारा.

पट्ट्यावरचा पंखा सरळ, विश्वासू आणि मूर्ख असतो. त्याला गाडी उभी आहे कीं पळते आहे हें समजत नाहीं. इंजिन जितके फेरे घेईल त्या प्रमाणांत तोही घेतो. येथें पंख्यांचा एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. फेरे दुप्पट झाले तर हवा दुप्पट वाहते, हवेचा दाब चौपट होतो, परंतु पंखा फिरविण्यास लागणारी शक्ति मात्र आठपट होते. समजा, दोन हजार फेऱ्यांस एका पंख्याला अर्धी अश्वशक्ति लागते. चार हजारांवर त्याला चार लागतील, आणि सहा हजारांवर साडेतेरा! म्हणजे जेथें पंख्याची कांहींएक गरज नाहीं, नेमका तेथेंच तो सर्वांत अधिक खातो. आणि जेथें त्याची खरी गरज, त्या सात-आठशें फेऱ्यांच्या मंद गतीस, तो सुस्तावलेला असतो. जोरकस इंजिनाच्या बाबतींत हा दोष अधिकच जाचतो, कारण तें इंजिन उंच फेऱ्यांसाठींच जन्मलेलें असतें.

पण शक्तीच्या या नुकसानीपेक्षांही एक गंभीर गोष्ट आहे. चाळीस सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटास सहा हजार फेरे घेऊं लागला, तर त्याच्या पात्याचें टोंक सेकंदास सव्वाशें मीटर, म्हणजे ताशीं साडेचारशें किलोमीटर वेगानें फिरतें. त्या टोंकाशीं बसविलेल्या दहा ग्रॅम धातूच्या तुकड्यावर बाहेर फेंकणारा जो जोर येतो, तो ऐंशीं किलोग्रॅम वजनाएवढा असतो. दहा ग्रॅम म्हणजे साधारण एक तोळा. आणि ऐंशीं किलो म्हणजे एक धडधाकट माणूस! साठ वर्षांच्या पत्र्याच्या पंख्यांत रिव्हेटच्या भोंकापाशीं केसाएवढी चीर असली, तर ती या जोरापुढें किती काळ टिकणार? असें सुटलेलें पातें रेडिएटर चिरून जातें, बॉनेट फोडून वर येतें, आणि जवळ उभ्या असलेल्या मिस्त्रीस प्राणघातक इजा करूं शकतें. म्हणून जुना पंखा पुनः वापरावयाचा असल्यास तो उतरवून, रंग खरवडून, प्रत्येक रिव्हेट व प्रत्येक पात्याचें मूळ चांगल्या उजेडांत पाहावें. वांकलेलें पातें ठोकून सरळ करण्याची युक्ति आपल्या कारागिरांस फार प्रिय आहे. ती करूं देऊं नये. आणि बॉनेट उघडें असतां कोणी ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गुरगुरवीत असेल, तर पंख्याच्या कडेच्या रेषेंत उभें राहूं नये.

वेग वाढला कीं पातीं आपोआप चपटीं होऊन हवा कमी कापतात, असे लवचीक पंखेही मिळतात. कल्पना चांगली, किंमतही थोडी. परंतु जें पातें रोज हजारों वेळां वांकतें व सरळ होतें, तें कधीं तरी थकतें. उंच फेऱ्यांच्या इंजिनास त्यांची शिफारस करणें कठीण आहे.

त्याहून पुष्कळ शहाणी योजना म्हणजे चिकट तेलाच्या क्लचवरचा पंखा. यांत पट्टा व पंखा यांच्यामध्यें एक बंद डबी असते, आणि तिच्यांत सिलिकोनचें घट्ट तेल. डबीच्या तोंडाशीं दोन धातूंची एक गुंडाळी बसविलेली असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली कीं गुंडाळी वळते, तेल आंत शिरतें आणि पंखा पट्ट्याबरोबर फिरूं लागतो. हवा थंड असली कीं तेल मागें सरतें, पंखा सुस्त होतो, आणि उंच फेऱ्यांसही तो एका मर्यादेपलीकडे ओढला जात नाहीं. अडचण एवढीच कीं ही डबी जाड असते. जुन्या गाड्यांत इंजिनाचें नाक व रेडिएटर यांमध्यें कित्येकदां चार बोटांचीही जागा नसते. जागा असेल, आणि तेवढ्याच इंजिनासाठीं बनविलेली डबी मिळत असेल, तर पट्ट्यावरच्या पंख्यांत हाच उत्तम समजावा.

आतां विजेचा पंखा. जॅग्वारनें १९६१ सालीं आपली प्रसिद्ध ई-टाइप गाडी बाजारांत आणली तेव्हां ३.८ लिटरांच्या व २६५ अश्वशक्तीच्या म्हणविल्या जाणाऱ्या त्या इंजिनापुढें पट्ट्याचा पंखा ठेवलाच नव्हता. पाणी एका ठराविक उष्णतेस पोंचलें कीं आपोआप सुरू होणारा विजेचा पंखा तिला होता. १९६८ च्या दुसऱ्या मालिकेंत पंखे दोन झाले, यावरून पहिल्याची पात्रता वाचकांनीं व श्रोत्यांनीं ताडावी. या पंख्याचा मोठा गुण असा कीं, इंजिन सातशें फेऱ्यांवर घोरत असलें तरी तो पूर्ण वेगानें फिरतो. म्हणजे बिडकीनच्या पेठेंत जें हवें तेंच तो देतो. वीस ॲम्पियर वीज घेणारा पंखा सुमारें एक तृतीयांश अश्वशक्ति खर्च करतो, आणि तीही लागेल तेव्हांच.

किती हवा देणारा पंखा घ्यावा? उदाहरणादाखल असें धरूं कीं गर्दींत पाणी दहा किलोवॅट उष्णता आणून टाकतें, म्हणजे स्वयंपाकघरांतील पांच मोठ्या विजेच्या शेगड्यांएवढी. रेडिएटरमधून जातांना हवा तीस अंशांनीं तापते असें मानल्यास सेकंदास सुमारें एक तृतीयांश किलोग्रॅम हवा लागेल. आपल्याकडील तापलेल्या, विरळ हवेच्या मापानें ती मिनिटास सुमारें ६७० घनफूट होते. वातानुकूलन यंत्र बसविलें असेल, किंवा नुकताच घाट चढून गाडी गर्दींत शिरली असेल, तर याच्या दुपटीची तयारी ठेवावी. आतां पंख्यांच्या जाहिरातींत पंधराशें, दोन हजार, पंचवीसशें घनफूट असे आंकडे मोठ्या अक्षरांत असतात. ते आंकडे पंखा मोकळ्या हवेंत, समोर कांहींही अडथळा नसतांना मोजलेले असतात. दाट रेडिएटरमधून ओढूं लागल्यावर त्यांतील निम्मी हवा मिळाली तरी पुष्कळ. जो विक्रेता अडथळ्यासह मोजलेला आंकडा देऊं शकतो, किंवा निदान मोटार किती ॲम्पियर घेते हें छातीठोकपणें सांगतो, त्याच्याकडून घ्यावा. पांच ॲम्पियर घेऊन अडीच हजार घनफूट देणारा पंखा म्हणजे मूठभर तांदळांत गांवजेवण.

विजेच्या पंख्याची खरी मेख मात्र दुसरीकडेच आहे, आणि ती पुष्कळांस पैसे देऊन शिकावी लागते. जुन्या गाड्यांत वीज निर्माण करण्यास डायनॅमो असे. ल्युकास कंपनीचा सी-४० हा त्या काळचा परिचित डायनॅमो. तो जोरांत असतां फार तर बावीस ॲम्पियर देई. परंतु इंजिन मंद गतीस आलें कीं डायनॅमो जवळजवळ कांहींच देत नाहीं. म्हणजे ज्या क्षणीं पंख्यास वीज हवी, त्याच क्षणीं ती निर्माण होणें थांबतें! पंखा बॅटरींतील ठेव खातो. संध्याकाळीं दिवे लागलेले असले, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या कोंडींत इंजिन थंड राहतें खरें, परंतु बॅटरी मरते, ठिणगी क्षीण होते, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडते. ज्यास मोठा विजेचा पंखा बसवावयाचा आहे त्यानें डायनॅमो काढून अल्टरनेटर बसविण्याची तयारी ठेवावी. बाहेरून डायनॅमोसारखे दिसणारे अल्टरनेटरही मिळतात. मूळ रूपाचा ज्यांस आग्रह आहे त्यांचें समाधान तेवढ्यानें होण्यासारखें आहे. हा खर्च पंख्याच्याच किंमतींत धरावा. वेगळा मानूं नये.

पुष्कळ जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. अशा गाडींत तारा नेहमींच्या रीतीनें जोडल्या तर पंखा उलटा फिरतो व रेडिएटरमधून येणाऱ्या वाऱ्याशीं भांडत बसतो. बसविल्यावर कागदाचा एक तुकडा रेडिएटरच्या पुढील बाजूस धरून पाहावा. तो जाळीस चिकटला पाहिजे. पंखा रेडिएटरच्या मागें राहून हवा ओढणारा असावा. जागाच नसेल तर पुढें राहून ढकलणारा चालेल. मात्र ओढणाऱ्या पंख्याच्या तारा उलटवून त्याला ढकलणारा बनवूं नये, कारण पात्यांची वक्रता एकाच दिशेसाठीं घडविलेली असते. रेडिएटरच्या नाजूक नळ्यांतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओंवून पंखा टांगण्याची जी सोपी रीत दुकानांत दाखवितात, तिनें खराब रस्त्यावर वर्षभरांत नळ्या घांसून गळूं लागतात. पंख्यास लोखंडी पट्ट्यांची स्वतंत्र चौकट करून ती सांगाड्यास बांधावी. मोटार सुरू होतांना क्षणभर दुप्पट-तिप्पट वीज ओढते. म्हणून जाड तार, रिले व फ्यूज यांत काटकसर करूं नये. इंजिनांतील थर्मोस्टॅट ब्याऐंशीं अंशांवर उघडत असेल, तर पंखा ब्याण्णवाच्या सुमारास सुरू होऊन सत्त्याऐंशींला थांबावा. तो ऐंशींवर लावला तर कधींच थांबणार नाहीं. आणखी एक सूचना घरांतील मुलांसाठीं: कांहीं जोडण्यांत गाडी बंद केल्यावरही हा पंखा आपोआप सुरू होतो, बॉनेटखालीं हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी.

पंखा कोणताही घेतला तरी त्याच्याभोंवतीं पत्र्याचा घेर नसेल तर सर्व श्रम अर्धे वायां जातात. नभोवाणीवरून आकृति काढून दाखवितां येत नाहीं; म्हणून श्रोत्यांनीं एक चौकोनी पत्र्याची ट्रंक डोळ्यांपुढें आणावी, आणि तिच्या झांकणावर मधोमध एक गोल परात ठेवावी. झांकण म्हणजे रेडिएटर, परात म्हणजे पंखा. पंचावन्न सेंटिमीटर लांब व पंचेचाळीस उंच रेडिएटरवर चाळीस सेंटिमीटरांचा पंखा ठेवला, तर तो निम्माच भाग झांकतो. चारी कोंपरे उघडे राहतात, व तेथील पाणी गरमच्या गरम परत जातें. पंखा तर याहून लबाड: समोरून रेडिएटरमधून हवा ओढण्याचें कष्ट घेण्यापेक्षां तो पात्यांच्या टोंकांवरून इंजिनाकडील गरम हवाच पुनः पुनः फिरवीत राहतो. रेडिएटरच्या चारी कडांना बसणारा आणि पंख्यापाशीं गोल होत येणारा घेर केला, कीं ही चोरी बंद होते. पट्ट्याच्या पंख्याचीं पातीं अदमासें निम्मीं घेराच्या आंत व निम्मीं बाहेर असावींत, आणि टोंकाशीं सुमारें दोन-अडीच सेंटिमीटरांची मोकळीक ठेवावी. कारण गचका बसला कीं इंजिन रबरांवर डोलतें आणि त्याबरोबर पंखाही. कुशल पत्राकारागीर हा घेर एका दिवसांत करून देतो. कारखान्याचा मूळ पंखा तसाच ठेवून केवळ असा घेर बसविल्यानें कित्येक गाड्यांची तक्रार मिटते. म्हणून थोड्या पैशांत जो उपाय प्रथम करून पाहावा तो हाच. दुर्दैवानें तो दिखाऊ नसल्यामुळें लोकांस शेवटीं सुचतो.

तेव्हां निवड कशी करावी? मंद फेऱ्यांचें, मोठें, युद्धपूर्व काळचें इंजिन असेल, तर मूळ पंखा तपासून, घेर बसवून तोच ठेवावा. अशा इंजिनाचे फेरे मुळांतच कमी, त्यामुळें शक्तीची चोरी थोडी व पातें तुटण्याचें भयही थोडें. साडेपांच-सहा हजार फेरे घेणारी, डायनॅमोच्या जागीं अल्टरनेटर बसविण्यास मालकाची हरकत नसलेली गाडी असेल, तर घेरासह विजेचा पंखा निःशंकपणें घ्यावा. दोन लहान पंखे बसत असतील तर अधिक चांगलें, कारण एक बंद पडला तरी दुसरा घरीं पोंचवितो. जिची सर्व वीज डायनॅमोवर आहे आणि ती तशीच ठेवावयाची आहे, तिला चिकट तेलाचा क्लच. आणि जी फियाट पोरवयांतल्या हौसेनें शर्यतीची झाली आहे, तिच्या मालकानें पंख्याचा विचार करण्यापूर्वीं रेडिएटरच एक नळ्यांची ओळ जाड करून घ्यावा, हें अधिक श्रेयस्कर. जुन्या गाड्यांच्या संमेलनांत परीक्षक मूळ भाग पाहतात. म्हणून काढलेला पंखा, त्याचे नट व बोल्ट एका डब्यांत घालून, वर गाडीचा क्रमांक लिहून ठेवावेत, आणि नव्या पंख्यासाठीं गाडीच्या मूळ पत्र्यास भोंक पाडूं नये.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी ती सकाळच्या गारव्यांत घेऊं नये. दुपारीं दोनच्या सुमारास पैठण रस्त्यानें निघावें, बिडकीनपर्यंत चांगल्या वेगानें जाऊन इंजिन पुरतें तापूं द्यावें, आणि रस्त्याच्या कडेस सांवली नसलेल्या जागीं गाडी उभी करून इंजिन चालूं ठेवावें. दर दोन मिनिटांनीं कांट्याचा आंकडा लिहीत जावें. पंखा कितव्या अंशास सुरू झाला, किती वेळ चालला, कितव्यास थांबला, हेंही लिहावें. वीस मिनिटांत कांटा एका जागीं स्थिर झाला, आणि पंखा अधूनमधून थांबत असला, तर निवड बरोबर आहे. पंखा थांबतच नसेल पण कांटाही चढत नसेल, तर चैत्रापर्यंत गाडी चालवावी, वैशाखांत नाहीं. कांटा चढतच राहिला तर इंजिन बंद करावें, बॉनेट उघडावें, आणि रेडिएटरच्या झांकणास अर्धा तास हात लावूं नये.